डोक्याला गंभीर मार लागलेला पेशंट आयसीयूत आहे: बेळगाव सीमाभागातल्या नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

खानापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगाव तालुक्यातली गावं आणि सीमेपलीकडचं चंदगड. इथून डोक्याला मार लागलेले पेशंट येतात, ते बहुतेक दुचाकीवरचे. ऊसाच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून आदळलेले असतात. काही फणसाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून, काही बांधकामाच्या परांचीवरून पडलेले असतात. आयसीयूच्या दाराबाहेर बसलेले नातेवाईक आम्हा डॉक्टरांना जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. रस्त्यावर मेंदूला लागलं ती पहिली इजा. ती कुठल्याही हॉस्पिटलला पुसता येत नाही. पण नंतरच्या तासांत आणि दिवसांत प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब घसरतो, सूज चढते, ताप किंवा झटके येतात आणि त्यामुळे आणखी मेंदू मरतो. ही दुसरी इजा. ती थोपवता येते, आणि आयसीयूतली रात्रंदिवस चाललेली धडपड तिच्यासाठीच असते.

डॉक्टर म्हणाले "स्कोअर सहा आहे". शंभरात सहा का?

नाही. हा ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जनांनी तो मांडला आणि आज जगभर तोच वापरतात. डोळे उघडण्याला १ ते ४, बोलण्याला १ ते ५ आणि हातापायांच्या हालचालीला १ ते ६ गुण असतात. त्यामुळे पूर्ण शुद्धीतला माणूस १५ आणि कमीत कमी ३. शून्य नसतोच. ८ किंवा त्याहून कमी असेल तर मेंदूची इजा गंभीर धरतात.

बेरजेपेक्षा तुकडे विचारा, हा माझा आग्रह आहे. त्यातही हालचालीचा गुण जास्त बोलका असतो. चिमटा काढल्यावर पेशंटचा हात नेमका चिमट्याच्या जागी येतो का, नुसता मागे ओढला जातो का, की कोपर ताठ होऊन हात आत वळतो, यात फार फरक आहे. घशात नळी असलेला पेशंट बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या स्कोअरपुढे 'टी' लिहितात. "काल सहा होता, आज सहा टी" यावरून तब्येत जागच्या जागी आहे की खालावली ते नुसत्या आकड्यावरून ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

बाहेर साधं खरचटलंसुद्धा नाही. मग आत एवढं कसं?

मेंदू कवटीत थोडा हलू शकतो. वेगात असलेलं डोकं एकदम थांबलं की मेंदू आतल्या हाडावर आपटतो, पिळवटतो, बारीक तंतू ताणून तुटतात, शिरा फाटतात. त्याला कातडी फाटायची गरज नसते.

कवटीच्या लगेच आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साठलं तर काही वेळा पेशंट पडल्यावर उठून बसतो, चहा पितो, "काही नाही झालं" म्हणतो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. तो बोलत होता म्हणून घरी ठेवलेले पेशंट आम्ही पाहतो आणि फार वाईट वाटतं, कारण हे रक्त वेळेत काढलं तर माणूस पुरता बरा होऊ शकतो. पडल्यानंतर पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका, एका बाजूचा अशक्तपणा किंवा नाका-कानातून पाणी-रक्त, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका.

निपाणीजवळ अपघात झाला तर कोल्हापूरला न्यायचं की बेळगावला?

राज्याची हद्द विसरा. १०८ ला फोन करा. जिल्हा, गाव आणि रस्ता स्पष्ट सांगा. निपाणीहून कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. खानापूर किंवा चंदगडवाल्यांना बेळगाव जवळ. पण अंतराबरोबर आणखी तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: सिटी स्कॅन आत्ता चालू आहे का, न्यूरोसर्जन आहेत का, व्हेंटिलेटरचा बेड रिकामा आहे का. तिन्हीला "हो" म्हणणारं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल बरोबर, मग ते हद्दीच्या अलीकडचं असो की पलीकडचं. एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशा फेऱ्यांत रात्र जाते, आणि दुसरी इजा नेमकी त्या वेळात होते.

पेशंट धाप टाकत असेल, रक्त वाहत असेल किंवा रक्तदाब पडला असेल तर मात्र वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात थांबून श्वास आणि रक्तस्राव सांभाळून घ्यावा लागतो. वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी गंभीर मेंदूइजेत मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, हे अमेरिकेतल्या पेशंटांच्या नोंदींवरून १९९३ सालीच दिसलं होतं.

रस्त्यावर तुम्ही करायचं ते एवढंच: पेशंटला बसवू नका, पाणी पाजू नका, मान वाकवू नका, उलटी झाली तर मान-पाठ एका रेषेत धरून सगळं अंग मिळून कुशीवर वळवा. मदत करणाऱ्याला पोलिस अडकवतील ही भीती अजून गावोगाव आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, आणि नाव सांगायची सक्ती नाही.

मॉनिटरवर इतके आकडे पळतात. आम्ही कुठला बघायचा?

खरं सांगायचं तर एकही नाही. आकड्याकडे डोळे लावून बसलेला मुलगा दर वेळी घंटी वाजली की घाबरतो. बहुतेक वेळा बोटाची क्लिप सैल झालेली असते, किंवा पेशंट खोकलेला असतो. तरी माहीत असलेलं बरं म्हणून सांगतो.

हिरवी रेघ बहुधा हृदयाचे ठोके. प्राणवायूचं प्रमाण आम्ही ९४ टक्क्यांच्या वर ठेवतो. रक्तदाब सतत कळावा म्हणून मनगटाच्या धमनीत बारीक नळी असते. वरचा रक्तदाब १५ ते ४९ वयात किमान ११० आणि ५० ते ६९ वयात किमान १०० हवा. व्हेंटिलेटरवर कार्बन डायऑक्साइड मोजतात, कारण तो फार घसरला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि फार चढला तर फुगतात. रक्त तपासून सोडियम आणि साखर पाहतात. सोडियम घसरला की सूज वाढते.

दोन बदल मात्र एकत्र दिसले तर आम्ही पळतच येतो: रक्तदाब चढत जाणं आणि ठोके मंद होत जाणं. मेंदूच्या देठावर, म्हणजे श्वास आणि हृदय सांभाळणाऱ्या त्याच्या खालच्या भागावर, दाब येत असल्याची ती खूण असते.

"मेंदूचं प्रेशर" म्हणजे बीपीच ना?

नाही, ते वेगळं. कवटीच्या आत प्रौढ माणसात ढोबळमानाने १,४०० मिली मेंदू, १५० मिली रक्त आणि मेंदूभोवतीचं १५० मिली पाणी असतं. कवटी ताणली जात नाही. मेंदू सुजला किंवा आत रक्त साठलं तर आधी पाणी आणि शिरांतलं रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ती जागा संपली की पुढचे थोडे मिलीसुद्धा दाब झपाट्याने वाढवतात. म्हणूनच "संध्याकाळपर्यंत बरा होता, रात्री एकदम कसं झालं?" असं होतं.

हा दाब मोठ्या माणसात साधारण ७ ते १५ असतो. २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार वाढवतात. आता खरा हिशेब. मेंदूत रक्त ढकलणारी ताकद म्हणजे सरासरी रक्तदाबातून हा दाब वजा. सरासरी रक्तदाब ९० आणि आतला दाब २० असेल तर उरले ७०, चांगलं. तोच रक्तदाब ७५ वर आला आणि आतला दाब २५ झाला तर उरले ५०, म्हणजे मेंदू उपाशी. आम्ही ही वजाबाकी ६० ते ७० मध्ये राखतो. त्यासाठी कधी बीपी वाढवायचं औषध चालू करतात. "बीपी चांगलं होतं, तरी वाढवताय का?" असा प्रश्न येतो, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

डोक्यात मॉनिटर घालतात म्हणे. आमच्या पेशंटला नाही घातला. कमी उपचार झाले का?

कवटीला बारीक छिद्र पाडून एकतर मेंदूत तार ठेवतात किंवा मेंदूच्या पोकळीत नळी. नळीचा फायदा असा की दाब मोजता येतो आणि पाणी बाहेर काढून तो उतरवताही येतो. धोका म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग. म्हणून नळीची जागा आणि पिशवीची उंची यांना कुणीही, नातेवाइकांनीही हात लावायचा नसतो. पिशवी खाली गेली तर गरजेपेक्षा जास्त पाणी वाहून जातं.

हा मॉनिटर सगळीकडे नसतो, आणि त्याचं सामान स्वस्त नसतं. त्याविषयी एक महत्त्वाचा अभ्यास बोलिव्हिया आणि इक्वाडोरमध्ये झाला, २०१२ साली प्रसिद्ध झाला. ३२४ पेशंट. काहींवर मॉनिटरचा आकडा बघून उपचार केले, काहींवर वारंवार तपासणी आणि सिटी स्कॅन बघून. दोन्ही गटांची सहा महिन्यांनंतरची अवस्था सारखीच होती. याचा अर्थ मॉनिटर बिनकामाचा असा नाही. ज्या गटात तो नव्हता, तिथेही डॉक्टर आणि सिस्टर पेशंटकडे सतत बघत होते आणि ठरलेल्या क्रमाने उपचार करत होते. म्हणून मॉनिटर नसलेल्या आयसीयूत विचारायचा प्रश्न हा: डोळ्यांच्या बाहुल्या आणि स्कोअर किती वेळाने तपासता, आणि बिघडलं तर किती वेळात स्कॅन होतो? याचं ठाम उत्तर मिळालं तर पेशंट चांगल्या हातात आहे.

सिस्टर दर तासाला टॉर्च मारतात, चिमटे काढतात. बिचाऱ्याला झोपू का देत नाहीत?

तो चिमटा म्हणजेच आमचा सगळ्यात भरवशाचा मॉनिटर. बाहुल्या समान आहेत का, उजेडाला आकसतात का, कालपेक्षा हात कमी हलतोय का, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. एक बाहुली मोठी होऊन उजेडाला थिजली, तर त्या बाजूला दाब वाढत असल्याची शंका येते आणि तासाभरात ऑपरेशन थिएटर उघडावं लागतं.

इथे तुमची मदत लागते, आणि मला वाटतं या सगळ्या पानावरची सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. स्कोअर मोजताना पेशंटला "डोळे उघडा", "हात वर करा", "तुमचं नाव काय" असं विचारतात. आपल्या भागात पेशंट खानापूरच्या डोंगराकडची मराठी बोलणारी आजी, सिस्टर कन्नड बोलणारी, ड्युटी डॉक्टर परराज्यातला असं सहज होतं. आजीला हुकूम समजलाच नाही तर तिचा गुण खाली लिहिला जातो आणि ती आहे त्यापेक्षा वाईट दिसते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा: पेशंट कुठली भाषा बोलतो, घरी कुठल्या नावाने हाक मारता, कानाने कमी ऐकू येतं का. एका कागदावर चार हुकूम मराठीत, पण सिस्टरला वाचता येतील अशा लिपीत लिहून पलंगाशी लावायला द्या. भेटीच्या वेळी तुम्हीच हाक मारून बघा, सिस्टर शेजारी उभी असताना.

शिवाय हे न विसरता सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, काचबिंदूचे थेंब चालू होते का, कारण दोन्हींनी बाहुली बदलते आणि उगाच धावपळ होते. आधी लकवा होऊन एक हात कमजोर होता का. रक्त पातळ करायची गोळी चालू होती का. ही शेवटची माहिती पहिल्या तासातच हवी, गोळ्यांचं पाकीट खिशात घालून आणलं तर उत्तम. दारू प्यायला असेल तर लपवू नका. रोज पिणाऱ्याची दारू आयसीयूत अचानक बंद होते आणि दोन-तीन दिवसांनी कापरं, झटके, भास सुरू होतात. ते मेंदूची सूज वाढल्याचं लक्षण वाटू शकतं.

त्याला मुद्दाम झोपवून ठेवलंय म्हणतात. ते का?

झोपेच्या आणि वेदनेच्या औषधांनी मेंदूची भूक कमी होते, खोकला-झटापट थांबते, दाब उतरतो. ठरावीक वेळी औषध थांबवून शुद्ध बघतात, पण दाब जास्त असेल तर ते टाळतात. औषध बंद केल्यावर लगेच जागा होईल ही अपेक्षा ठेवू नका. बऱ्याच दिवसांचं औषध अंगातून उतरायला वेळ लागतो.

ऑपरेशन करत नाहीत, म्हणजे हात टेकले का?

नाही. रक्त एका जागी साठलं असेल तर काढता येतं. आवरणाबाहेरचं रक्त ३० मिलीपेक्षा जास्त असेल, किंवा आवरणाखालचा रक्ताचा थर १० मिलिमीटरपेक्षा जाड असेल, किंवा मेंदूची मधली रेषा ५ मिलिमीटरपेक्षा सरकली असेल, तर बहुधा ऑपरेशन ठरतं. पण मेंदूभर विखुरलेले ओरखडे आणि तुटलेले तंतू कापून काढता येत नाहीत. तिथे आयसीयूची काळजी हाच उपचार. पहिला स्कॅन चांगला असला तरी काही तासांनी पुन्हा करतात, कारण रक्त नंतरही वाढतं. "दोनदा स्कॅनचे पैसे का?" या प्रश्नाला एवढंच उत्तर.

सूज उतरवायला काय करतात?

सोप्यापासून सुरुवात. डोकं तीस अंश वर, मान सरळ, गळ्याभोवतीची पट्टी सैल. म्हणून कृपा करून पलंग खाली करू नका आणि उशी बदलू नका. मग वेदना, ताप, झटके आवरणं. मग मॅनिटॉल किंवा ३ टक्के मिठाचं सलाईन, जे मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतं. मॅनिटॉलने लघवी भरपूर होते, त्यामुळे रक्तदाब पडू नये म्हणून लघवीची पिशवी मोजतात. व्हेंटिलेटरचा वेग वाढवून कार्बन डायऑक्साइड उतरवणं हा फक्त थोड्या वेळेचा उपाय.

तरीही दाब उतरला नाही तर कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला वाव देतात. ते हाड पुष्कळदा पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. पोटावर टाके बघून नातेवाईक हबकतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. या ऑपरेशनबद्दल प्रामाणिक राहायला हवं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या ऑपरेशनने जीव वाचण्याचं प्रमाण वाढलं, पण वाचलेल्यांत बेशुद्धावस्थेत किंवा पूर्ण परावलंबी राहणारेही वाढले. सही करण्याआधी डॉक्टरांना "जगेल का" यासोबत "कसा जगेल" हेही विचारा.

बाहेरून "मेंदूच्या ताकदीचं" महाग इंजेक्शन आणायला सांगितलं तर?

विचारा, त्याने काय होणार. सिटीकोलिन नावाचं औषध वर्षानुवर्षं दिलं जातं. अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २०१२ साली निकाल आला, फायदा दिसला नाही. स्टिरॉइडचं तर उलटं आहे. दहा हजारांवर पेशंटांच्या क्रॅश चाचणीत २००४ साली दिसलं की डोक्याच्या मारात स्टिरॉइड दिल्याने मृत्यू वाढतात. तेव्हापासून ते या कामासाठी देऊ नये असंच ठरलं आहे. मेंदूत गाठ असलेल्या पेशंटची सूज वेगळी असते, तिथे स्टिरॉइड चालतं. शेजारच्या बेडवर दिलं म्हणून तुमच्याला हवं असं नसतं.

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे रक्तस्राव थांबवणारं स्वस्त इंजेक्शन मात्र मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर उपयोगी आहे, विशेषतः मध्यम आणि सौम्य इजेत. त्यानंतर नाही. उसनं काढून महाग बाटल्या आणण्यापेक्षा तो पैसा पुढच्या फिजिओथेरपीसाठी राखून ठेवा, असं मी स्पष्ट सांगतो.

गळ्याला भोक पाडणार म्हणतात. मग तो कधीच बोलणार नाही?

बोलेल, शुद्ध आली तर. तोंडातली नळी आठ-दहा दिवसांवर राहिली की घशाला इजा होते, कफ काढता येत नाही. म्हणून गळ्यात छोटी वाट करतात. गरज संपली की ती नळी काढतात आणि भोक आपोआप मिटतं. गळ्याची नळी लागली म्हणजे आशा संपली असं अजिबात नाही. उलट झोपेची औषधं कमी करता येतात.

पोटात काय जातंय? घरून पेज आणू का?

नाकातून पोटात नळी असते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्यातून अन्न सुरू करतात. सातव्या दिवसापर्यंत पूर्ण गरज भागायला हवी. मेंदूला लागलेलं शरीर प्रथिनं झपाट्याने जाळतं. म्हणून नुसती भाताची पेज किंवा ताक-पाणी पुरत नाही. आहारतज्ज्ञांनी परवानगी दिली तर डाळीचं गाळलेलं पाणी, दूध, अंडं त्यांनी ठरवलेल्या मापात आणा. स्वतःहून तोंडात एक चमचाही घालू नका. गिळण्याची ताकद परतली नसेल तर ते फुप्फुसात जातं.

सौंदत्तीचा भंडारा कपाळाला लावू का?

तुमच्या श्रद्धेला आमची हरकत नाही. जखमेच्या, टाक्यांच्या आणि नळ्यांच्या जवळ भंडारा, अंगारा, कुंकू नको, तोंडात तीर्थ नको. छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उशाशी ठेवायला सिस्टर बहुधा हो म्हणतात. आत येताना हात धुवा, आणि सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये. पंधरा माणसांनी एकेक करून आत डोकावण्यापेक्षा दोघांनीच ठरावीक वेळी यावं. त्यातल्या एकाने रोज डॉक्टरांशी बोलावं आणि गावाकडच्यांना त्यानेच सांगावं. नाहीतर चार जण चार बातम्या सांगतात आणि घरात भांडणं लागतात.

शुद्धीवर कधी येईल?

हा प्रश्न सगळेच पहिल्या दिवशी विचारतात. पहिल्या ७२ तासांत कुणी छातीठोक सांगत असेल तर त्यावर विसंबू नका, चांगलं सांगत असेल तरी आणि वाईट सांगत असेल तरी. वय, हालचालीचा गुण, बाहुल्या, स्कॅन आणि रक्तदाब पडला होता का, यावरून अंदाज बांधतात. पण तो गटाचा अंदाज असतो, एका माणसाचा नाही.

शुद्ध सिनेमासारखी येत नाही. आधी डोळे उघडतात, पण नजर कुणावर ठरत नाही. नातेवाईक इथे आनंदाने रडतात आणि दोन दिवसांनी खचतात. त्यानंतर आवाजाकडे वळणं, हाक ऐकून बोट हलवणं, मग बोलणं. मध्ये एक टप्पा असा येतो की पेशंट शिव्या देतो, नळ्या ओढतो, बायकोला ओळखत नाही. तो माणूस बदललेला नाही. मेंदू सावरताना हा गोंधळ होतो. हात बांधण्यापेक्षा ओळखीचा आवाज, दिवसाउजेड आणि रात्री अंधार यांचा जास्त उपयोग होतो. गंभीर इजेतली सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त, आणि वर्षभर किंवा त्यापुढेही थोडी थोडी चालू राहते.

ब्रेन डेड आणि कोमा एकच का?

नाही, आणि हा गोंधळ घरांना फार छळतो. कोमातला पेशंट जिवंत आहे, सुधारू शकतो. ब्रेन डेड म्हणजे मेंदूचा देठ कायमचा बंद पडलेला असतो. हृदय चालतं ते फक्त यंत्रामुळे. भारतात अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ हे ठरवतं. तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. झोपेची औषधं, थंडावलेलं शरीर, बिघडलेलं सोडियम ही कारणं आधी वगळावी लागतात. व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून पेशंट स्वतः श्वास घेतो का हेही पाहतात.

यानंतरच अवयवदानाचा विषय येतो. कर्नाटकात ते काम जीवसार्थकथे ही सरकारी संस्था बघते. तुम्ही "नाही" म्हणालात म्हणून कुणी नाराज होऊ नये, आणि "हो" म्हणालात तर देहाचा सन्मान राखूनच परत मिळतो.

डॉक्टर म्हणतात फार आशा नाही. घरी नेऊ का?

व्हेंटिलेटरवरून सही करून गाडीत घातलेला पेशंट वाटेतच गुदमरतो. त्या वेळी घरच्यांना जे दिसतं ते पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. त्याऐवजी डॉक्टरांशी बसून उपचारांची मर्यादा ठरवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. प्राथमिक आणि दुय्यम अशी डॉक्टरांची दोन मंडळं संमती देतात. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये तसा आदेशही काढला आहे. वेदना होऊ न देणं, श्वास सुखाचा ठेवणं, घरच्यांना जवळ बसू देणं हे तेव्हाही थांबत नाही.

पुणे-मुंबईला किंवा बंगळूरला हलवू का?

इथे न्यूरोसर्जन, स्कॅन आणि व्हेंटिलेटर असेल तर पहिल्या काही दिवसांत बहुधा नको. लांबच्या प्रवासात दाब वाढतो, नळ्या सरकतात, प्राणवायू घसरतो. दुसरं मत हवं असेल तर स्कॅनची सीडी आणि कागद पाठवून घ्या. डॉक्टरांना राग येईल अशी भीती नको.

पैशांचं काय? आमचं रेशनकार्ड कर्नाटकचं, पेशंट कोल्हापुरात.

कर्नाटकच्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. आणीबाणीत आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल आणा असा आग्रह नसतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला. गाव त्या यादीत असेल तर योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्य मित्राकडे (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाकडे) जाऊन त्याच दिवशी खात्री करून घ्या.

रस्ता अपघात असेल तर तिसराही मार्ग आहे. केंद्राच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतचे उपचार नेमलेल्या हॉस्पिटलात मिळतात. पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते, म्हणून एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली अपघाताची नोंद) आणि तक्रार पहिल्याच दिवशी नोंदवा. पोलिस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

कागद एका पिशवीत ठेवा: आधार, रेशनकार्ड, एमएलसीचा नंबर, प्रत्येक स्कॅनची सीडी, रोजची बिलं. पुढे विमा दाव्याला आणि अपंगत्वाच्या दाखल्याला तेच लागतात. डिस्चार्जच्या दिवशी सारांश मराठी किंवा कन्नडमध्ये समजावून घ्या. झटक्याची गोळी किती दिवस चालू ठेवायची, कवटीचं हाड परत कधी बसवायचं, नळ्या कोण बदलणार आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा, ही चार उत्तरं लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.